वेताळ, बहादूर आणि महिन्याचा हिशोब: महागाईत कॉमिक्सचा संग्रह कसा आवरावा

रद्दीच्या दुकानात ढीग उपसून किलोच्या भावात घेता येणारी इंद्रजाल कॉमिक्स आता एकेक सुटी, पिशवीत घालून, पुढून-मागून फोटो काढून विकली जातात. कारण सरळ आहे. इंद्रजाल १९६४ च्या मार्चमध्ये सुरू झालं आणि १९९० मध्ये बंद पडलं. मधल्या काळात आठशेच्या वर अंक निघाले, त्यातले बरेच रद्दीत गेले, काही पावसाने खाल्ले, काही वाळवीने. तेव्हा वाचनालयातून एका दिवसाच्या बोलीवर वेताळ (म्हणजे इंग्रजीतला फँटम) घरी आणणारी मुलं आता पन्नाशी-साठीत आहेत. हातात पैसा आहे, मोबाइलवर संग्राहकांचे गट आहेत. माल घटतोय आणि गिऱ्हाईक वाढतंय.

छंद दोन-चार वर्षांचा झालाय, कपाट भरत आलंय आणि महिनाअखेरीला खर्चाचा आकडा बघून पोटात गोळा येतो, अशांसाठी हा लेख आहे. खर्च निम्म्यावर आणूनही वाचनाची मजा तेवढीच ठेवता येते. फक्त क्रम चुकवू नका. बहुतेक जण विकण्यापासून सुरुवात करतात, घाईत नको ते विकतात आणि वर्षभरात तेच अंक चढ्या भावाने परत घेतात. विक्री अगदी शेवटी.

पहिली पायरी: तीस दिवस खरेदी बंद, आणि मोजणी

तीस दिवस एकही अंक घ्यायचा नाही. गट सोडायची गरज नाही, पण सगळ्यांचा आवाज बंद करा. रात्री नऊ-दहाच्या सुमारास विक्रेते माल टाकतात आणि पहिला जो ‘मला’ लिहील त्याचा अंक, अशी तिथली रीत असते. त्या तासाला मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. हास्यास्पद वाटेल, पण घाईच्या खरेदीतली बरीचशी याच तासाला होते.

या महिन्यात मोजणी करायची. पन्नास-पन्नासचे गठ्ठे करा. चारशे अंक असतील तर दोन रविवार पुरतात. वहीत किंवा मोबाइलच्या तक्त्यात प्रत्येक अंकासाठी आठ रकाने ठेवा: मालिका, क्रमांक, भाषा, गोष्टीचं नाव, छापील किंमत, अवस्था, तुम्ही दिलेले पैसे, आणि ‘शेवटचं कधी वाचलं’. हा शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि सगळे तोच गाळतात.

मोजताना तीन ठिकाणी घोळ होतो.

इंद्रजालचे क्रमांक सुरुवातीला सरळ चढत जातात, पण १९८० च्या दशकात खंड आणि अंक अशी पद्धत आली. तक्त्यात दोन्हींसाठी एकच रकाना ठेवला तर ‘अंक ५’ दोनदा दिसतो आणि डबल नसलेला अंक डबल वाटतो. खंडासाठी वेगळा रकाना करा.

अमर चित्र कथेचा घोळ याहून मोठा. तिचे अंक वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा छापले गेले आहेत. क्रमांकाची सुरुवात ११ पासून धरली जाते. राम वाईरकरांनी चित्रं काढलेला ‘कृष्ण’ हा तो ११ क्रमांकाचा अंक. त्याच्या पुनर्मुद्रणांची गणती नाही. हातातली प्रत जुनी की नंतरची, हे ओळखायला आतल्या किंवा मागच्या पानावरची प्रकाशित अंकांची यादी बघा. यादीत त्या अंकाच्या कितीतरी पुढचे क्रमांक असतील तर प्रत नंतरची आहे. छापील किंमत आणि प्रकाशकाचा पत्ताही ताडून बघा. ‘ओरिजिनल फर्स्ट प्रिंट’ म्हणून घेतलेल्या अंकांपैकी काही या एका तपासणीत गळतात. वाईट वाटतं, पण पुढचे पैसे वाचतात.

तिसरा घोळ भाषेचा. एकच गोष्ट मराठी, हिंदी आणि इंग्रजीत घेतलेली असते. चित्रं तीच. तक्त्यात गोष्टीच्या नावाऐवजी चित्रावरून जुळणी केली तर अशा जोड्या सापडतात. त्या खुणेने बाजूला ठेवा, अजून काढू नका.

दुसरी पायरी: खरा खर्च किती

अंदाज विचारला तर माणूस खऱ्या आकड्यापेक्षा कमीच सांगतो, कारण लक्षात राहते ती अंकाची किंमत. यूपीआयच्या ॲपमध्ये मागच्या बारा महिन्यांची नोंद काढा, विक्रेत्यांची नावं शोधा आणि बेरीज करा. त्यात टपाल-कुरियर, पिशव्या, पुठ्ठे, प्रदर्शनाला जाण्या-येण्याचा खर्च आणि नव्या कपाटाचे पैसेही धरा.

टपालाची गळती वेगळी काढा. समजा तुम्ही महिन्यात सहा जणांकडून एकेक अंक घेतला, प्रत्येकी २५० रुपयांना, आणि प्रत्येकाने ९० रुपये पाठवणावळ लावली. अंकांचे १,५०० झाले, पाठवणावळीचे ५४०. म्हणजे दर चार रुपयांतला एक रुपया खाकी कागद आणि चिकटपट्टीवर गेला. पुस्तकांसाठीची पोस्टाची स्वस्त रजिस्टर्ड सेवा डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली आणि सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात मिसळलं. त्यामुळे सुट्या अंकांची पाठवणावळ पुन्हा जुन्या दरावर येईल अशी आशा धरू नका. उपाय एकच: एका विक्रेत्याकडे पाच-सहा अंक साठेपर्यंत थांबायचं. बहुतेक विक्रेते पैसे आधी घेऊन माल महिनाभर बाजूला ठेवतात, विचारलं तर.

परदेशी कॉमिक्स घेणाऱ्यांचा हिशोब अजून कडक लागतो. अमेरिकन मासिक अंक आज साधारण ३.९९ ते ४.९९ डॉलरचा असतो. डॉलर नव्वद रुपयांना धरला तर स्वस्तातला अंकही ३६० रुपयांच्या घरात जातो, आणि त्यात गोष्टीची पानं वीस-बावीस. आयात पुस्तकांवर २०१९ च्या अर्थसंकल्पात पाच टक्के सीमाशुल्क लागलं, ते वेगळं. पाच-सहा अंक एकत्र बांधलेला पेपरबॅक येईपर्यंत थांबलात तर तीच गोष्ट बऱ्याच कमी पैशांत वाचता येते. फक्त गोष्टीत रस असेल तर सुटे अंक घेण्यात अर्थ नाही.

तिसरी पायरी: वर्तुळ लहान करा

खर्चाचं मूळ एका शब्दात आहे: ‘सेट’. सगळे अंक हवेत, एकही सुटता कामा नये, ही ओढ सगळ्यात महाग पडते.

बहादूरचं उदाहरण घ्या. आबिद सुरतींनी १९७६ मध्ये इंद्रजालसाठी हा नायक उभा केला, चित्रं गोविंद ब्राह्मणियांची. बहादूरचे अंक जमवायला लागलात तर पहिले पंधरा-वीस भराभर मिळतात, कारण ते अनेकांकडे डबल असतात. मग वेग मंदावतो. शेवटचे पाच ज्याच्याकडे असतात तो ते विकत नाही, किंवा तुमचे तेवढेच अडलेत हे ओळखून भाव सांगतो. त्यातच आधीच्या वीस अंकांपैकी चार ‘बरे नाहीत’ असं वाटायला लागतं आणि त्यांच्या चांगल्या प्रती घेणं सुरू होतं. सेट पूर्ण होत नाही, खर्च मात्र दुप्पट होतो.

म्हणून एका ओळीची मर्यादा लिहून काढा. ती इतकी नेमकी हवी की एखादा अंक समोर आल्यावर आत की बाहेर हे पाच सेकंदांत ठरेल. नमुने असे:

- फक्त मराठी इंद्रजाल, फक्त वेताळ, आणि छापील किंमत एक रुपया किंवा त्याहून कमी.
- अमर चित्र कथेचे प्रताप मुळीकांनी चित्रं काढलेले अंक, कोणत्याही छपाईचे.
- लहानपणी घरात होते आणि नावानिशी आठवतात तेवढेच, कमाल साठ.
- बहादूर, पण ज्या अवस्थेत आधी मिळेल त्या अवस्थेत. दुसऱ्यांदा घ्यायचा नाही.

दुसऱ्या नमुन्यात एक गंमत आहे. चित्रकार धरून संग्रह केला की प्रकाशकाच्या भिंती पडतात. मुळीकांनी अमर चित्र कथाही काढली आणि हिंदीतल्या राज कॉमिक्सच्या नागराज या नायकाचे सुरुवातीचे अंकही. वाचायला अशी रांग फार सुंदर लागते. पण यादी कुठे संपते ते कळत नाही, म्हणून ‘कमाल इतके’ हा आकडा सोबत लिहाच. तिसऱ्या नमुन्याबद्दल आमचं मत सगळ्यात चांगलं आहे. साठ अंकांचं कपाट मालकाला तोंडपाठ असतं. सहाशेचं नसतं.

मर्यादा ठरल्यावर तक्ता पुन्हा उघडा आणि प्रत्येक अंकापुढे तीनपैकी एक अक्षर लिहा. मर्यादेच्या आत असलेल्यांना ‘क’. बाहेरचे, पण दोन वर्षांत पुन्हा वाचलेले, त्यांना ‘ख’. बाहेरचे आणि न वाचलेले, त्यांना ‘ग’. डबल आणि एकाच गोष्टीच्या दुसऱ्या भाषेतल्या प्रती सरळ ‘ग’ मध्ये. एका बैठकीत सगळं उरकू नका. दीडशे अंकांनंतर हात सैल पडतो आणि सगळंच ‘ख’ व्हायला लागतं.

आणि राहिलेल्या अंकांची यादी जाहीर टाकू नका. नवखे संग्राहक गटात ‘हे सात अंक हवेत, कुणाकडे असतील तर सांगा’ असं लिहितात आणि मग भाव जास्त सांगितला म्हणून रागावतात. गरज उघडी केली की घासाघीस संपली. यादी ओळखीच्या दोन-तीन जणांकडेच द्या, तीही शक्यतो अदलाबदलीसाठी.

चौथी पायरी: वाचायची प्रत आणि ठेवायची प्रत

गोष्ट वाचायची असते आणि माणूस १९७० ची कडक कव्हराची प्रत विकत घेतो. मग ती खराब होईल म्हणून वाचतही नाही. ही दोन कामं वेगळी करा.

वाचायला जुन्या छपाईची गरज नाही. अमर चित्र कथा आणि टिंकल नव्या छपाईत आणि मोबाइलच्या ॲपवरही मिळतात. राज कॉमिक्सचे जुने अंक पुन्हा छापले जात आहेत. घरच्याच भावांमध्ये वाटणी होऊन आता ‘राज कॉमिक्स’ हे नाव एकाहून जास्त जण वापरतात, तेव्हा मागवताना कोणाची छपाई आहे आणि पानं किती, ते आधी बघा. इंद्रजाल बंद पडल्यावर डायमंड कॉमिक्सनेही वेताळाच्या गोष्टी छापल्या. त्या प्रतींना इंद्रजालचा भाव नाही, कारण आठवण तिथे अडकलेली नाही. वाचायला हरकत काहीच नाही.

कव्हर फाटलेली, वाचनालयाचा शिक्का असलेली, कोडं पेनाने सोडवलेली प्रत ही उत्तम वाचायची प्रत. चांगल्या प्रतीच्या तुलनेत ती फारच स्वस्त मिळते. फक्त पानं मोजून घ्या. मधली दुहेरी पानं स्टेपलमधून निसटून हरवलेली असतात, आणि विक्रेत्यालाही ते ठाऊक नसतं. मधल्या पानांचा फोटो मागायचा, आणि ‘सगळी पानं आहेत का’ हे लेखी विचारायचं.

संग्राहक मित्रांमध्ये दहा-दहा अंकांचा गठ्ठा महिनाभर फिरवण्याची पद्धतही चालते. पुण्यात, मुंबईत, नाशकात चार जण जमले तरी पुरे. नियम एकच ठेवा: फिरत्या गठ्ठ्यात फक्त वाचायच्या प्रती. ठेवायची प्रत एकदा फिरली आणि कोपरा दुमडून आली की मैत्री आणि अंक दोन्ही जातात.

पाचवी पायरी: किती आणि कसं घ्यायचं

मागच्या वर्षीच्या खर्चाचा महिन्याचा सरासरी आकडा काढा आणि त्याच्या निम्मा हा नवा आकडा ठरवा. यात पाठवणावळ धरलेली आहे. एखाद्या महिन्यात कमी खर्च झाला तर उरलेले पैसे पुढे न्यायचे. जास्त झाला तर पुढच्या महिन्यातून उसने घ्यायचे नाहीत. ही दुसरी अट मोडली की सगळी योजना तीन महिन्यांत कोसळते.

भाव कळण्यासाठी एक सवय लावा. विक्रेता जो आकडा लिहितो तो मागणीचा भाव. सौदा कितीला झाला तो खरा भाव. दोन्हींत खूप फरक असतो. ऑनलाइन दुकानात हजारो रुपयांना लावलेला अंक तीन वर्षं तिथेच पडून असतो, आणि लोक मात्र तोच आकडा दाखवून आपला अंक ‘मौल्यवान’ असल्याचं सांगतात. तुमच्या मर्यादेतल्या अंकांचे प्रत्यक्ष सौदे दिसतील तसे तक्त्याच्या दुसऱ्या पानावर तारीख आणि अवस्थेसह टिपा. चार-पाच नोंदी झाल्या की त्या अंकाचा अंदाज येतो. त्याआधी घेऊ नका.

लिलावात उतरायचं असेल तर कमाल आकडा आधी कागदावर लिहा, तोही पाठवणावळ वजा करून. ८०० पर्यंत जायचं ठरवलंय आणि पाठवणावळ ९० आहे तर शेवटची बोली ७१०. शेवटच्या दोन मिनिटांत ‘अजून फक्त पन्नास’ असं वाटतंच. त्या पन्नासांपायीच बजेट फुटतं.

घेण्याचा हंगामही असतो. दसरा-दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरचे ट्रंक खाली येतात आणि पुढचे दोन-तीन आठवडे रद्दीवाल्यांकडे माल असतो. मार्च-एप्रिलमध्ये परीक्षा संपल्यावर पुन्हा थोडा येतो. ओळखीच्या रद्दीवाल्याला ‘गोष्टींची पुस्तकं आली तर बाजूला ठेवा’ असं सांगून ठेवा. कॉमिक्स शब्द वापरलात तर भाव वाढतो, हे त्यांनाही आता कळलंय. फोर्ट आणि किंग्ज सर्कलच्या फुटपाथवरच्या विक्रेत्यांकडून स्वस्तात घबाड मिळेल या आशेने जाऊ नका. आपल्या मालाचं मोल तिथे विक्रेत्यांना ठाऊक असतं. वाचायच्या प्रतींसाठी मात्र जरूर जा, हाताळून घेता येतं आणि पाठवणावळ नाही.

पावसाळ्यात टपालाने मागवू नका. जून ते सप्टेंबरमधला ओला पार्सल-गठ्ठा वाळवता येतो, पण चिकटलेली गुळगुळीत कव्हरं सुटत नाहीत.

महाग प्रतीच्या बाबतीत बनावटीची तपासणी हवी. सर्रास होते ती फसवणूक म्हणजे खऱ्या, कव्हर नसलेल्या अंकाला रंगीत झेरॉक्सचं कव्हर लावणं. भिंगातून बघा: जुन्या ऑफसेट छपाईत रंगांचे ठिपके वेगवेगळ्या कोनांत, सुबक नक्षीसारखे दिसतात; झेरॉक्समध्ये विस्कळीत कण किंवा आडव्या रेघा असतात. कव्हर पांढरंशुभ्र आणि आतली पानं पिवळी तपकिरी, तर संशय घ्या. स्टेपल गंजलेला असेल तर गंजाचा डाग कव्हरच्या भोकाभोवतीही असायला हवा. फक्त आतल्या पानांवर डाग म्हणजे कव्हर नंतर आलंय. वाचनालयांनी पाच-दहा अंक एकत्र बांधताना कडा कापलेल्या असतात, असा अंक पुन्हा सुटा करून विकला जातो. पट्टी लावा. त्याच काळातल्या दुसऱ्या अंकापेक्षा तीन-चार मिलिमीटर लहान निघाला तर तो कापलेला आहे.

प्रतीला गुण देऊन ती प्लॅस्टिकच्या बंद खोक्यात घालून देणाऱ्या अमेरिकन कंपन्या आहेत. दहापैकी गुण देणारी सीजीसी २००० पासून हे काम करते. भारतीय अंकासाठी जाण्या-येण्याचं टपाल, विमा आणि शुल्क मिळून खर्च बहुधा अंकाच्या किमतीच्या वर जातो. आणि त्या खोक्यातला अंक उघडता येत नाही. खर्च कमी करायला निघालेल्याने तिकडे वळूच नये.

सहावी पायरी: आता विका

‘ग’ गठ्ठा तीन महिने डोळ्यांआड, दुसऱ्या खोलीत ठेवा. या काळात ज्या अंकाची खरंच आठवण आली तो परत आणा. तीन महिन्यांत असे फार थोडे निघतात. बाकीचे विकायचे.

आधी वर्गवारी. एकेकट्याने विकण्याजोगे अंक, म्हणजे ज्यांच्या सौद्यांची नोंद तुमच्याकडे आहे असे, वेगळे काढा. उरलेल्यांचे दहा-दहाचे गठ्ठे करा आणि प्रत्येक गठ्ठ्यात दोन चांगले अंक घाला. सगळे चांगले एका गठ्ठ्यात आणि सगळा गाळ दुसऱ्यात केलात तर गाळ घरातच राहतो.

फोटो दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ, फ्लॅश न वापरता काढा: पुढचं कव्हर, मागचं कव्हर, मधली दुहेरी पानं स्टेपलसह, आणि प्रत्येक दोष जवळून. वर्णनात ‘कंडिशन एकदम मस्त’ लिहू नका. असं लिहा: कव्हर अखंड, कण्यावर दोन सेंटीमीटर फाट, स्टेपल गंजलेले पण घट्ट, पान ११ वर पेनाने नाव, कूपन कापलेलं नाही, सगळी पानं आहेत. दोष आधीच सांगितलेला अंक परत येत नाही, आणि पुढच्या वेळी तोच गिऱ्हाईक न विचारता घेतो.

भाव ठरवताना शेवटच्या तीन-चार सौद्यांतला मधला आकडा धरा. तुम्ही काय दिलं होतं ते विसरा. बाजाराला त्याच्याशी घेणं-देणं नाही. सगळं एकगठ्ठा विक्रेत्याला दिलं तर बरंच कमी मिळतं, कारण त्याला ते पुढे विकायचंय. पण दोनशे अंकांचे फोटो काढण्यात दोन महिने जाणार असतील तर तेही वाईट नाही. शक्य असेल तिथे अदलाबदल करा: ‘ग’ मधले पाच देऊन ‘क’ मधला एक. खर्च फक्त टपालाचा.

पैसे घेताना एक गोष्ट पक्की ठेवा. पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. ‘हा कोड स्कॅन करा, तुमच्या खात्यात पैसे येतील’ असं म्हणणारा गिऱ्हाईक चोर आहे. पैसे आल्याचा फोटो पाठवला म्हणून माल पाठवू नका. बँकेच्या ॲपमध्ये रक्कम दिसली की मगच.

पॅकिंगला खर्च नाही, फक्त नीटपणा हवा. अंक पिशवीत, पिशवी दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये, पुठ्ठे अंकापेक्षा चारही बाजूंनी दोन सेंटीमीटर मोठे. दोन पुठ्ठ्यांतल्या खाचा एकमेकींना काटकोनात ठेवा, म्हणजे पार्सल दुमडत नाही. चिकटपट्टी पुठ्ठ्याला लावायची, पिशवीला नाही. पट्टीला चिकटलेली पिशवी ओढताना कव्हर फाटतं. सगळ्याला बाहेरून एक प्लॅस्टिकचा थर, ऋतू कोणताही असो.

उरलेलं जपणं

खराब झालेला अंक बदलून घेणं हा छुपा खर्च आहे, म्हणून इथे हात आखडू नका. जुना वृत्तपत्री कागद आम्लधर्मी असतो. उजेड, उष्णता आणि दमट हवेत तो पिवळा आणि ठिसूळ होतो. पिशव्या पॉलिप्रॉपिलीनच्या घ्या. तीव्र वास येणारं, मऊ, चिकटसर प्लॅस्टिक बहुधा पीव्हीसी असतं, ते छपाईला चिकटतं. आकाराने फसू नका: अमेरिकन कॉमिकच्या मापाची पिशवी आपल्याकडच्या अंकांना बसेलच असं नाही. अंक मोजा आणि लांबी-रुंदीत अर्धा ते एक सेंटीमीटर जास्तीची पिशवी मागवा.

पिशव्या भरण्याचं काम डिसेंबर ते फेब्रुवारीत करा. जुलैत भरून झाकण घट्ट लावलंत तर कागदातला ओलावा आतच कोंडतो आणि बुरशी धरते. मध्यम डब्यात पंचवीस-पंचवीस ग्रॅमच्या सिलिका जेलच्या दोन पुड्या पुरतात. रंग बदलणारी नारिंगी घ्या, म्हणजे कधी वाळवायची ते कळतं. आडवे रचत असाल तर थप्पी वीस सेंटीमीटरच्या वर नेऊ नका आणि कणा एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे ठेवा. नाहीतर सगळी थप्पी एका बाजूला कलते आणि कणे गोल होतात. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, आणि सगळ्यात खालचा कप्पा रिकामा ठेवा. कोकणात आणि मुंबईत पाणी खालून येतं.

फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका. दोन-चार वर्षांत तो पिवळा पडतो आणि चिकट डाग कायमचा राहतो. लॅमिनेशन तर अजिबात नाही. कसर किंवा वाळवीचा संशय असलेला नवा गठ्ठा थेट कपाटात घालू नका: दोन पिशव्यांत हवाबंद करून दोन आठवडे डीप फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर ठेवा, आणि बाहेर काढल्यावर चोवीस तास पिशवी उघडू नका, नाहीतर बाहेरच्या हवेतलं पाणी थेट कागदावर जमतं.

शेवटी तक्त्याची एक छापील प्रत काढा आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. त्यावर ‘क’ मधल्या महाग अंकांची नावं, अंदाजे भाव, आणि विकायचं झालं तर घरच्यांनी कोणत्या दोन संग्राहकांना फोन करायचा ते नंबर लिहा. वर्षातून एकदा, दिवाळीच्या आवराआवरीत, तो कागद बदला. बरेचसे चांगले संग्रह रद्दीत जातात ते मालकाच्या माघारी, घरच्यांना कपाटात काय आहे ते माहीत नसल्यामुळे.